सावलीतला खांब

ब्रिस्बेन,
१२ मे

प्रिय व्हॅल,

कशी आहेस? मी बरी. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं काही नवीन नाही. तुमच्याकडे आता पहाटे दव गोठायला लागलं असेल. पाण्याच्या टाकीच्या नळाला चिंध्या गुंडाळून ठेव, मागच्या थंडीत फुटला होता तो.

तुझं पत्र आणि भोपळ्याच्या स्कोन-पावांचा डबा, दोन्ही हेडनने आणून दिलं. आत ये, चहा टाकते म्हटलं, तर दारातूनच परत फिरला. फार वाळलाय गं. डबा हातात देताना म्हणाला, "डेझ मावशी, आईच्या फार नादी लागू नकोस. तिला काहीतरी करत राहायला हवंय, एवढंच." मी म्हटलं, "तुझ्या आईच्या नादी न लागता आपल्या घरात कोणी जगलंय का?" हसला नाही. लहानपणी हा मुलगा माझ्या कुठल्याही फालतू विनोदावर खिदळायचा.

असो. वकिलाने दिलेले कागद मी दोनदा वाचले. किती कोरडं लिहितात ही माणसं. सायफर्ट रोडवरचा लाकडी खांब जमिनीखाली कुजलेला होता. तारा सोडवताना मोडला. कमरपट्ट्याने खांबाला बांधलेला लाइनमन डार्सी क्रॅट्झमन जागीच मरण पावला. पुढच्याच ओळीत लिहिलंय की सदर खांब त्याच वर्षी जानेवारीत लहरींच्या यंत्राने तपासला होता आणि सुस्थितीत होता. तपासनीस हेडन क्रॅट्झमन. परक्या माणसाला वाटेल की नाव छापताना घोटाळा झालाय. तुझी दोन्ही मुलं एकाच परिच्छेदात बसवलीत त्यांनी.

तू लिहितेस, 'तू आयुष्यभर याच लहरींच्या मागे धावलीस. लोक तुला पूल बघायला नेतात, पाइप बघायला नेतात. आता एवढं माझ्यासाठी कर. ते यंत्र कुठे खोटं बोललं ते शोधून काढ. हेडनने इमानाने हातोडा मारला आणि यंत्राने त्याला फसवलं. हे एकदा सिद्ध झालं की त्याला झोप लागेल. मला एक मुलगा गेला तेवढा पुरे.'

करते, व्हॅल. नाही कशी म्हणेन? लेस गेल्यावर नवऱ्याविना दोन पोरांना तू कसं वाढवलंस ते मी बघितलंय, आणि सुट्टीत माझ्याकडे धाडलंस तेव्हा दोघांनी माझं घर कसं डोक्यावर घेतलं तेही बघितलंय.

यंत्राचं म्हणशील तर प्रकार साधा आहे. खांबाला दोन कान लावायचे, म्हणजे आवाज टिपणारी दोन बटणं, आणि हातोडा मारायचा. लाकडातून एक धक्का खाली धावतो, जमिनीतल्या टोकाला आपटतो आणि परत वर येतो. लाकूड धड असेल तर तो धड परत येतो. कुजलं असेल, वाळवीने पोखरलं असेल, तर मधूनच फाटका होऊन येतो. पूर्वी खांबाभोवती खणून बघायचे. या यंत्रामुळे खणायचं वाचलं, म्हणून वीज कंपनीला ते एवढं प्यारं. खांबाचा नंबर तेवढा माणसाने हाताने टाकायचा.

आता हे यंत्र कधी चुकूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. या धंद्यात मी बरीच यंत्रं चुकताना बघितली आहेत. वकिलाकडून मूळ लहरी मागवून घे. कंपनीचा लाल-हिरवा निकाल नको, हातोडा मारल्यावर यंत्राने जे ऐकलं ते जसंच्या तसं हवं. त्या खांबाचं आणि त्या दिवसाचं सगळं.

डार्सीच्या टोळीतला ट्रेंट भेटला तर त्याला माझा नमस्कार सांग. दफनाच्या दिवशी चर्चच्या मागे उभा राहून लहान मुलासारखा रडला तो. डार्सीने चढायच्या आधी खांबावरची तपासणीची चकती वाचली, तीवर हेडनचा नंबर बघितला आणि म्हणाला, "हेडनने बघितलाय ना, मग काळजी नाही." हे ट्रेंटने तुला सांगितलं आणि तेव्हापासून तू ते सगळ्यांना सांगतेस. भावाभावांत एवढा विश्वास होता म्हणून. खरंच होता.

जेवत जा. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो हे मला सांगू नकोस, मी जन्मभर तेच करतेय.

तुझी,
डेझ


ब्रिस्बेन,
२३ जून

प्रिय व्हॅल,

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि माझं एकालाही उत्तर नाही. चिडली असशील. चीड, पण आधी ऐक.

वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. यंत्राविरुद्धच्या सभेला हॉल गच्च भरलेला दिसतोय. मधोमध हेडन, शेजारी तू, तुझ्या हातात डार्सीचा शाळेतला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात 'यंत्राने माझा भाऊ मारला.' तू लिहितेस की ते कात्रण तू फ्रिजवर लावलंस आणि हेडन मुद्दाम फ्रिजकडे पाठ करून बसतो, एवढा लाजाळू. लहानपणी बक्षीस मिळालं की टेबलाखाली लपायचा तो.

तुझा खांब सध्या माझ्या कॉम्प्युटरात उभा आहे. कसं करतात ते विचारलंस म्हणून सांगते. खांबाचे मनातल्या मनात बारीक बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला सांगायचं की तू किती जड, किती कडक, तुझे शेजारी कोण. मग वरच्याला एक धक्का द्यायचा. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मागच्याने ढकललं की धक्का पुढच्यापर्यंत कसा पोचायचा आठवतंय? आणि सगळ्यात पुढे नेहमी मीच असायचे, आणि मार पण मलाच. तसंच. रांगेत कोणी लेचापेचा असला की धक्का तिथेच विस्कटतो.

तर मी खांब कुजवला. आधी थोडा, मग अर्धा, मग ते मोडलेलं टोक फोटोत दिसतं तेवढा. दर वेळी माझ्या कॉम्प्युटरातून लहर विस्कटून परत आली. यंत्राने त्या दिवशी टिपलेली मात्र अगदी निरोगी आहे. म्हटलं, मातीचा दोष असेल. तुमची ती काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाभोवती पोकळी करते, पाऊस झाला की चिखल होऊन घट्ट मिठी मारते. मी माती सुकवली, भिजवली, अर्धी सुकवून अर्धी भिजवली. लाकूड बदललं. हातोडा तिरका मारून बघितला. तुझ्या बाजूने जेवढं खोटं बोलता येईल तेवढं त्या खांबाला बोलायला लावलं. बोलत नाही. कुजका खांब हा असा आवाज काढूच शकत नाही, असं तो हटून सांगतोय.

पण एक बारीक गोष्ट सापडली आहे, आणि तिथेच घोडं अडलंय. त्या लहरीत एक छोटासा प्रतिध्वनी फार लवकर येतो. जमिनीतून नाही, वरूनच, साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरून. आधी वाटलं गाठ असेल. गाठ घातली, जुळलं नाही. चीर घातली, तेही नाही. शेवटी तिथे एक लोखंडी कडं घातलं, गाडीची धडक बसून खांब चिरला की कंपनीवाले आवळतात तसं, आणि काय सांगू, लहर तंतोतंत जुळली. माझ्या कामात इतकं जुळणं फार क्वचित होतं.

तर हेडनला विचार बरं, त्या खांबाला कडं होतं का? पडलेल्या खांबाच्या फोटोत दिसत नाही. कोणी काढून ठेवलं असेल. तसं असेल तर कंपनीने पुराव्याला हात लावलाय, आणि वकिलाला ते आवडेल.

बाकी ठीक. शेजारच्यांचा कुत्रा माझ्या भाजीच्या वाफ्यात हाडं पुरतो. मी त्याला रागावते, तो शेपूट हलवतो. घरी बोलायला तेवढाच एक आहे.

तुझी,
डेझ


ब्रिस्बेन,
१ ऑगस्ट

प्रिय व्हॅल,

तुझं पत्र वाचलं. हो, तू लिहिलंयस ते सगळं खरं आहे. सायफर्ट रोडवर गेल्या आठवड्यात जी गाडी दिसली ती माझीच. तुमच्या निडल क्रीकमध्ये कोणी शिंकलं तरी दुकानातली बाई तुला कळवते, तेव्हा लपवून काय उपयोग. मी तुझ्या घरावरून गेले आणि आत आले नाही. तुझ्या चिमणीतून धूर येत होता, दोरीवर चादरी होत्या. मी गाडी हळू केली आणि मग तशीच पुढे गेले. सख्ख्या बहिणीने असं केल्यावर तू मला काय काय म्हणाली असशील ते मला ऐकू येतंय.

काम अजून चालू आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही.

कड्याचं विचारल्यावर हेडन भरल्या ताटावरून उठून गेला, असं तू आधीच्या पत्रात लिहिलंस. त्याला भावाची आठवण झाली असेल, आता पुन्हा त्याला त्या खांबाबद्दल काही विचारायचं नाही, असंही लिहिलंस. नको विचारूस. मी तरी तुझ्या तोंडून ते विचारायला नको होतं.

मी तुला खोटं सांगत नाहीये. एवढंच आज लिहू शकते.

हेडन शनिवारी तुझ्याकडे जेवायला येणार आहे. खारवलेलं मांस आणि पांढरा सॉस कर, त्याला आवडतो. टीव्ही लावू नकोस. शेजारच्या बायकांना बोलावू नकोस. तो गप्प बसला तर बसू दे, तू मध्ये बोलून ती जागा भरून काढू नकोस. तुला ती सवय आहे, आणि माझं ऐकायची नाही. या एका वेळी ऐक.

तुझी,
डेझ


ब्रिस्बेन,
२९ ऑगस्ट

प्रिय व्हॅल,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाहीये. हेडनच्या हातात देतेय, पाकीट चिकटवून. आत काय आहे ते त्याला माहीत आहे. चहा नंतर कर. आधी खुर्चीवर बस.

त्या शनिवारबद्दल तू किती आनंदाने लिहिलंस. त्याने छपराची पन्हळ साफ केली, टाकीचा नळ बदलला, सरपण फोडून रचून ठेवलं, दोनदा वाढून घेतलं. 'माझा जुना हेडन परत आला,' असं लिहिलंस. व्हॅल, तो तुला एक गोष्ट सांगायला आला होता. दिवसभर तोंड उघडलं नाही, म्हणून हातांना काम देत राहिला. पुढच्या रविवारी परत आला आणि कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करून गेला. त्याला जमत नाही. म्हणून मी लिहितेय, आणि सरळच लिहिते.

यंत्र खोटं बोललं नाही. हेडनने त्या खांबावर हातोडा मारलाच नव्हता.

तुला वाटेल, आकडे बघून बघून हिचं डोकं फिरलं. म्हणून मला कसं कळलं ते सांगते. ते कडं कुठून आलं हे कोडं सुटेना, तेव्हा मी त्याच दिवशी तपासलेल्या शेजारच्या खांबाची लहर काढून बघितली. त्यालाही छातीच्या उंचीवर कडं. त्याच्या पुढच्यालाही. त्या दिवशीच्या सगळ्या खांबांना त्याच जागी कडं आणि सगळ्यांची लांबी तेवढीच. हातोड्याचा घाव दर वेळी थोडा वेगळा, कारण माणूस काही दर वेळी सारखा मारत नाही. पण उत्तर देणारं लाकूड एकच. सगळे घाव एकाच खांबावर पडले होते. तरी म्हटलं, डोळ्यांनी बघावं. म्हणून तुझ्या दारावरून गेले.

सायफर्ट रोड तुला पाठ आहे. दोन्हीकडे ज्वारीची शेतं, आडोसा म्हणून कुठे नाही. झाड एकच, ते मोठं कुराजाँग, नांगरताना सायफर्टच्या म्हाताऱ्याने गुरांसाठी राखलेलं. त्याच्या सावलीत एक खांब आहे. कोणाच्या तरी ट्रेलरने कधीकाळी त्याला धडक दिली असावी, कारण त्याला छातीच्या उंचीवर लोखंडी कडं आवळलेलं आहे. मी त्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. दुसऱ्या कुठल्याही खांबाला कडं नाही. डार्सी पडला त्या जागी आता नवा खांब आहे, त्याच्या पायथ्याशी तू ठेवलेली बरणी आणि फुलं. तिथून ते झाड दिसतं.

मी कड्याच्या खांबाशी उभी होते तेवढ्यात हेडनची पिकअप आली. दुकानातल्या बाईने त्यालाही कळवलं असणार. उतरला, दार लावलं नाही. मला म्हणाला, "हाच तो."

"मला कळलंय ते," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"ताटावरून उठलास असं तुझ्या आईने लिहिलं तेव्हा खात्री झाली."

तो खाली बसला, झाडाला टेकून. मीही बसले, गुडघा नको म्हणत असताना. मग बोलायला लागला तो थांबेचना. जानेवारीतला उकाडा, पिकअपचा एसी बिघडलेला, खांबांच्या पायथ्याशी माजलेलं गवत, आणि गवतात त्या आठवड्यात त्याच्याबरोबरच्या दोघांना दिसलेला विषारी तपकिरी साप. आणि वर कंपनीचा तगादा, आज अमुक रस्ता संपलाच पाहिजे. "मावशी, आम्ही त्याला सावलीत मारणं म्हणतो," तो म्हणाला. "झाडाखालचा एक चांगला खांब बघायचा, गाडी लावायची, त्याच्यावरच हातोडा मारत राहायचं आणि नंबर मात्र दर वेळी पुढचा टाकायचा. मग खिडकीतून हात काढून चकत्या ठोकत जायचं. सगळेच करतात. मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं."

"एकानेही कधी म्हटलं नाही की हे बरोबर नाही?"

"सगळे खांब एकाच जंगलातले, एकाच वर्षी रोवलेले. एक चांगला म्हणजे सगळे चांगले, असंच म्हणायचे. मी पण म्हणायचो."

"आणि डार्सीला माहीत होतं?"

तेव्हा मात्र तो रडला. "तो चढणाऱ्यांच्या टोळीत होता गं. त्यांना नाही सांगत हे. त्यांना कसं सांगणार?"

मी त्याला जवळ घेतलं नाही. तुला हेही कळायला हवं. मी तिथे बसून राहिले, मला त्याचा फार राग आला होता. नंतर त्याने विचारलं, "तू हे कोणाला सांगितलं नाहीस तर?" मी म्हटलं, "मग ते तसंच राहील. वकील मला पुन्हा विचारणार नाही, कंपनीने लहरी उघडूनही बघितलेल्या नाहीत. यंत्र बंद करतील आणि तुझी आई जिंकेल." तो म्हणाला, "मग?"

मी उलट विचारलं, "सावलीत मारलेले खांब किती आहेत?"

त्याला माहीत नाही, व्हॅल. कुठला खरा मारला आणि कुठला सावलीत, हे त्याला आठवत नाही. आणि तो एकटा नाही. त्या अख्ख्या पट्ट्यात हिरव्या नोंदीचे खांब उभे आहेत, त्यांतले कोणते आतून पोकळ आहेत ते कोणालाच माहीत नाही. ट्रेंट रोज त्यांच्यावर चढतो. त्याची बायको पोटुशी आहे, हे तूच मला लिहिलंस, बाळासाठी लोकरीचं काहीतरी विणतेस म्हणून. तो कमरपट्टा बांधायच्या आधी चकती वाचत असेल. आपल्या माणसाचा नंबर बघून त्याला बरं वाटत असेल.

म्हणून मी गप्प बसू शकत नाही. बसावंसं वाटलं, हे कबूल करते. रात्ररात्र वाटलं. तू मला मुलगा वाचवायला सांगितलंस आणि मी हे आणून तुझ्या टेबलावर ठेवतेय. पण ट्रेंट पडला, तर त्याच्या आईला सांगायला मला तोंड राहणार नाही आणि तुलाही नाही.

सोमवारी वकिलाकडे आणि चौकशीच्या साहेबाकडे माझा अहवाल जाईल. त्याच पाकिटात हेडनचा जबाब असेल, त्याने स्वतः लिहिलेला. त्याचं लायसन्स जाईल. खटला होईल, कदाचित तुरुंगही. हॉलमध्ये तुझ्यासाठी टाळ्या वाजवणारी माणसं गावात तुला बघून रस्ता बदलतील. हे सगळं होणार आहे, तुला अंधारात ठेवून मी काही पुढे जाणार नाही. सगळे खांब पुन्हा तपासून होईपर्यंत त्या पट्ट्यात कोणी चढू नये, एवढं मात्र हेडनने आजच साहेबांना कळवलंय. फोन लावला तो त्यानेच. माझ्या स्वयंपाकघरातून लावला, मी बाहेर कुत्र्यापाशी जाऊन उभी राहिले.

एक गोष्ट राहिली. डार्सीचं ते वाक्य. "हेडनने बघितलाय ना, मग काळजी नाही." हॉलमध्ये तू ते सांगितलंस, चर्चमध्ये सांगितलंस, पेपरवाल्याला सांगितलंस. दर वेळी हेडन तुझ्या शेजारी उभा होता. मी तुला दोष देत नाही, तुला काय माहीत. पण आता माहीत आहे. ते वाक्य यापुढे त्याच्यासमोर काढू नकोस. किंवा काढायचंच असेल तर एकदा शेवटचं काढ, त्याच्याकडे बघून, आणि मग त्याला काय म्हणायचंय ते ऐक.

त्याला माफ कर असं मी सांगत नाही. मला स्वतःला अजून जमलेलं नाही, आणि मी काही त्यांची आई नाही. तू ओरडलीस तरी चालेल. घराबाहेर काढलंस तर तो माझ्याकडे येईल, मागच्या खोलीत गादी घालून ठेवली आहे. मी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलंय की तू वाचून संपवेपर्यंत तो हलणार नाही.

म्हणजे तो आत्ता तिथेच आहे. सिंकपाशी, खिडकीकडे तोंड करून, हातात पुसायचं फडकं घेऊन, बशी केव्हाच कोरडी झाली तरी पुसत असेल. ही पानं किती आहेत ते त्याने पाकीट घेताना बोटांनी चाचपलं होतं. हे शेवटचं आहे हे त्याला कळलंय, व्हॅल. तुझा आवाज यायची वाट बघतोय तो.

तुझी, आणि त्याचीही,
डेझ